मिरसांगेच्या आधीची कोशिंबीर

मालवणीत मिरचीला मिरसांग म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून हजार वेळा तरी ऐकला असेल, पण तो कधी फोडून बघावासा वाटला नव्हता. मिरी अधिक सांग, म्हणजे शेंग. मिऱ्यासारखी तिखट लागणारी शेंग! झालं. म्हणजे ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्या जिभेला तिखट म्हणजे मिरी एवढंच ठाऊक होतं. एके दिवशी त्यांच्या अंगणात एक परकं झाड आलं, त्याला लांबट फळं लागली, कुणीतरी चावून बघितलं, ठसका लागला आणि नाव पडलं. घाटावरच्या 'मिरची'तही ते मिरं दडलेलंच आहे, पण आपल्या शब्दात शेंगसुद्धा दिसते.

हे डोक्यात शिरलं आणि मग जेवताना एक खेळच सुरू झाला. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज काही ना काही कच्चं ताटात असतंच. परड्यातली काकडी, मुळा, कैरी, कधी कांदा, कधी टोमॅटो, वरून ओलं खोबरं. (सॅलड म्हणा, कोशिंबीर म्हणा. आमच्या सीमेपलीकडे, गोव्यात, काकडीची किंवा कैरीची 'करम' करतात. भांडण नको.) खेळ असा, की पोर्तुगीज गोव्यात आले त्या १५१० सालानंतर इथे जे जे आलं ते ते ताटातून मनातल्या मनात काढून टाकायचं आणि उरतं काय ते बघायचं.

मिरची पहिल्या झटक्यात जाते. ती मूळची अमेरिकेची. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्याआधी आपल्याकडच्या कुणाही राजाने किंवा भिकाऱ्याने मिरचीचा ठेचा खाल्लेला नाही. छत्रपतींच्या मावळ्यांनी खाल्ला असेल, ज्ञानेश्वरांच्या काळात मात्र नक्की नाही. टोमॅटो जातो, तोही अमेरिकेचा. तो आपल्या स्वयंपाकघरात फार उशिरा रुळला. बंगालीत तर त्याला बिलिती बेगुन, म्हणजे विलायती वांगं म्हणत. दाण्याचं कूट जातं. ही गोष्ट घाटावरच्या नातेवाइकांना सांगितली तर त्यांना पटत नाही! कोशिंबीर म्हणजे दाण्याचं कूट हे त्यांच्या मनात इतकं पक्कं आहे, की भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आला म्हटलं की आपण काहीतरी अपमान केल्यासारखा चेहरा करतात. लाल भोपळ्याचं भरीत जातं, रताळं जातं. ओले काजूगर जातात, आणि हे मला स्वतःला जड गेलं. मार्चमध्ये बोटं डिकाने काळी करून घेत सोललेले ओले काजूगर काकडीत टाकून खाल्ले नसतील त्यांना यातलं दुःख कळायचं नाही. पण काय करणार, काजू ब्राझीलचा. नावसुद्धा तिकडचंच, पोर्तुगिजांच्या तोंडातून आलेलं.

हे सगळं एका दिवसात झालं नाही हे खरं. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याने १५६३ साली गोव्यातच आपलं पुस्तक छापलं. इथल्या औषधी वनस्पती, फळं, मसाले यांच्यावर संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तक. त्यात मिरी आहे, आंबा आहे, नारळ आहे, कलिंगड आहे, आपलं कोकमही आहे. आतून रक्तासारखं लाल, चवीला फार आंबट, आणि त्याची सालं सुकवून दूरदेशी व्हिनेगर करायला नेतात असं तो सांगतो. पण मिरचीवर एक प्रकरण काही नाही. पोर्तुगीज येऊन पन्नास वर्षं झाली होती तरी! तिकडे उत्तरेत अकबराच्या दरबारी लिहिलेल्या आईन-इ-अकबरीतल्या पदार्थांतही तिखटाला मिरंच आहे. म्हणजे मिरची काही स्वारी करून आली नाही. ती कुणाच्या तरी परसात, केरकचऱ्याच्या खड्ड्याशेजारी उगवत, एका घरातून दुसऱ्या घरात गेली असणार. तेरेखोलची खाडी ओलांडायला तिला कुणाचा परवाना लागला नाही. बायकांनी ओच्यातून बी नेलं असेल. इतिहासाच्या पुस्तकात अशा वाहतुकीची नोंद कोण करणार?

(अवांतर: या ओर्ताचं नाव आजही पणजीतल्या बागेला आहे. तो १५६८ साली वारला. तो मूळचा ज्यू असल्याचं धरून धर्मन्यायालयाने १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. ज्याने आपल्या कोकमाची ओळख युरोपला करून दिली त्याच्या वाट्याला हे आलं. असो.)

तर आता उरलं काय? मला वाटलं होतं ताट ओकंबोकं होईल. पण तसं होत नाही. काकडी राहते, आणि नुसती राहत नाही तर मानाने राहते, कारण ती इथलीच. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण अजून उगवते, कडू असते. तिथून कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी कमी कडू फळांचं बी निवडून ठेवायला सुरुवात केली. ऋग्वेदातल्या मृत्युंजय मंत्रात जे उर्वारुक आहे ते काकडी असं बहुतेक ठिकाणी सांगतात. मला यात थोडी शंका आहे. त्या मंत्रातली कल्पना अशी, की पिकलेलं फळ जसं देठापासून आपोआप सुटतं तशी सुटका व्हावी. आता ज्याने काकडीचा वेल लावला आहे त्याला विचारा. काकडी पिकून पिवळी पडली तरी वेलाला धरून बसते, ओढून काढावी लागते. आपोआप सुटतं ते चिबूड! श्रावण-भाद्रपदात माळ्यावरच्या वेलावर चिबूड पिकला की वास घरापर्यंत येतो, आणि उचलायला जावं तर तो देठापासून सुटलेला असतो. गूळ घालून खायचा. उर्वारुक हा शब्द या कुळातल्या फळांना सैलपणे वापरला जात असावा आणि ऋषींच्या डोळ्यांसमोर चिबडासारखं काहीतरी असावं असं माझं मत. मी संस्कृतचा पंडित नाही, पण वेल लावलेले आहेत.

मुळा राहतो. कैरी राहते. नारळ राहतो, आलं राहतं, कागदी लिंबू राहतं, मोहरी राहते, कोकम राहतं आणि अर्थात मिरी. कांदाही राहतो, कारण तो खुश्कीच्या मार्गाने फार पूर्वीच आला. त्याची प्रतिष्ठा मात्र बेताची. सातव्या शतकात आलेला ह्युएन त्संग लिहून गेलाय, की कांदा-लसूण खाणारे लोक थोडे आणि खाणाऱ्याला गावाबाहेर जावं लागे. आमच्याकडे चातुर्मासात कांदा बंद होतो त्याचं मूळ एवढं लांब आहे.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात अन्नभोग नावाचा भाग आहे. राजाच्या ताटात काय काय असायचं ते त्यात वाचावं. मिरचीवाचून, टोमॅटोवाचून, बटाट्यावाचून या माणसाचं काहीही अडलेलं नव्हतं. हे वाचल्यावर 'आपलं पारंपरिक जेवण' असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

पण मंडळी, खरी गोष्ट भाज्यांची नाहीच. पाण्याची आहे. कोशिंबिरीचा इतिहास लिहायला बसलं की विहिरीत जाऊन पडायला होतं.

आमच्याकडे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खाली जांभा दगड, चाळणीसारखा. (याला इंग्रजीत लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण मलबारात तो जमिनीतून विटेसारखा कापून काढताना त्याने पाहिला. आमचे चिरेखाणीवाले आजही तेच करतात.) पाऊस पडतो आणि निघून जातो. मे महिन्यात त्याच गावात कळशीसाठी रांग. त्यामुळे उन्हाळ्यातली ताजी काकडी ही इथे कधीच सहजसाध्य गोष्ट नव्हती. पावसाळ्यात तवसं कुणाच्याही मांडवावर लागतं, देवाला वाहून उरेल इतकं. उन्हाळ्यातली काकडी मात्र कुणीतरी पाणी घातलं म्हणूनच होते.

भात कापून झालं की ज्या कोपऱ्यात ओल टिकते तिथे पुन्हा पीक घ्यायचं त्याला वायंगण म्हणतात. मालवण तालुक्यात आणि वेंगुर्ल्यातही वायंगणी नावाचं गाव आहे, यावरून ही गोष्ट किती जुनी आणि महत्त्वाची असेल ते बघा. पाणी असलेली जमीन ही गावाचं नाव होण्याइतकी मोठी बाब होती. या वायंगणात भात, नाहीतर मग मुळा, तांबडी भाजी, वाल, चवळी, काकडी. पाणी द्यायला लाट. लांब लाकूड, एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला पोहरा. माणूस पोहरा खाली दाबतो, दगड त्याला वर आणतो. ज्यांच्याकडे लाट नाही त्यांच्याकडे कळशी आणि कंबर. ही कंबर बहुतेक वेळा बाईची असे. माझी आजी सकाळी आणि संध्याकाळी परड्यातल्या ओळींना पाणी घालायची. तिच्या लेखी भाजीचा हिशेब पैशात नव्हता, कळशांत होता. "दोन काकड्ये झाले, पण कळशे किती गेले ते कोण मोजता?" असं ती म्हणायची, आणि ज्या पाहुण्याला कोशिंबीर वाढली तो किती जवळचा हे तिच्या मनात त्यावरून ठरत असे.

किनाऱ्यावर तर आणखी एक भानगड. देवबाग, तारकर्ली इथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची पट्टी. तरी तिथे गोड्या पाण्याच्या बावी आहेत! खुद्द सिंधुदुर्ग किल्ल्यात, चारी बाजूंनी समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. तोफांना टिकणारी तटबंदी बांधता येते, पण पाणी नसेल तर तटबंदीच्या आत माणूस किती दिवस टिकणार? विहिरींची नावं बघा. दूध, दही, साखर. ज्याने ही नावं ठेवली त्याने खारं पाणी चाखलेलं होतं.

हे गोडं पाणी राहतं कसं? पावसाचं पाणी जमिनीत मुरून समुद्राच्या पाण्यावर तरंगतं. गोडं पाणी हलकं, खारं सुमारे अडीच टक्क्यांनी जड. पुस्तकातलं गणित असं, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट पातळी असेल तर खाली चाळीस फूट गोडं पाणी असतं. ऐकायला फार छान वाटतं. पण हेच गणित उलटं वाचा. वरची पातळी एक फुटाने उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. प्रत्यक्षात सगळं इतकं नेमकं होत नाही, जमीन जमिनीत फरक असतो, पण दिशा तीच. लाटेने पाणी काढणारा माणूस दमत असे. तो दमला की विहीर विसावा घेई. पंप दमत नाही. बटण दाबलं, माणूस चहा प्यायला गेला आणि तासाभराने आला.

आमच्या वाडीतल्या समुद्राकडच्या दोन बावींचं पाणी आता एप्रिलच्या शेवटी मचूळ होतं. आमची जरा आत आहे, अजून ठीक आहे. मचूळ पाणी घातलेल्या काकडीची पानं कडेने करपतात, फळ लहान राहतं. माडाला चालतं, काकडीला चालत नाही. त्यामुळे त्या दोन घरांनी उन्हाळी भाजी सोडली. त्यांनी कुणावर राग काढावा? पंप सगळ्यांकडेच आहेत. आमच्याकडेही आहे.

भाजी सोडणं सोपं झालं त्याला दुसरंही कारण आहे. भाजी घाटावरून येते. फोंडा घाट, आंबोली घाट उतरून कोल्हापूर-बेळगावचा माल सकाळी बाजारात असतो. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, काकडी सगळं. पूर्वी असं नव्हतं. मुंबईचा चाकरमानी बोटीने मालवणला किंवा वेंगुर्ल्याला उतरायचा. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चाकरमानी एका रात्रीत घरी यायला लागला. आधीच्या वर्षी, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला. मग मे महिन्यात पाहुणेच पाहुणे. त्यांच्या ताटात काय असतं? सुरमई तळलेली, सोलकढी, आणि कडेला कांदा, काकडी, टोमॅटोच्या चकत्या, लिंबाची फोड. त्या ताटाला 'अस्सल मालवणी' म्हणतात. मासा मालवणचा आहे हे मी मान्य करतो. चकत्या बेळगावच्या.

या चकत्यांना सॅलड म्हणायचं. गंमत म्हणजे हा शब्दही मिठावरूनच आला आहे. लॅटिनमध्ये साल म्हणजे मीठ, त्यावरून मीठ लावलेली भाजी. आणि मिठाचं नाव निघालं की आमच्या जिल्ह्याला गप्प बसता येत नाही. शिरोड्याची मिठागरं. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मीठ उचललं आणि मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला. भर मे महिना, म्हणजे डोळ्यांवर पांढरं ऊन येणारे मिठागराचे दिवस. लोकांनी लाठ्या खाल्ल्या. वि. स. खांडेकर तेव्हा शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. मला त्या सत्याग्रहाबद्दल वाचताना नेहमी एक साधी गोष्ट जाणवते. घरामागे समुद्र आहे, पाणी आपोआप वाळून मीठ होतंय, आणि ते उचलून काकडीवर घातलं तर गुन्हा. हा कायदा समजावून सांगायला कुठल्याही पुढाऱ्याच्या भाषणाची गरज पडली नसेल. आज शिरोड्याचं जाडं मीठ मिळतं, पण दुकानात पुडीचं बारीक मीठ हातात येतं आणि आपण तेच घेतो. मीही.

मिठाबाबत आजीचा एक नियम होता. "मीठ आताच घालू नको गो, पाणी सुटतला." मीठ लागलं की काकडीच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं हे मी नंतर शाळेत शिकलो. आजी कळशीने घातलेलं पाणी असं वाटीत फुकट सुटू द्यायला तयार नव्हती. माणसं पाटावर बसल्यावरच मीठ. आणि जे काही सुटेल ते भातावर.

तर या वर्षी मी १५१० च्या आधीची कोशिंबीर करून बघितली. परड्यातल्या दोन काकड्या कोचवून, म्हणजे विळीने उभे-आडवे छेद देऊन बारीक केल्या, चोचवल्यासारख्या. अर्धा मुळा किसून, किसाचं पाणी न पिळता. शेजारच्या कलमाची एक कैरी, फार आंबट असल्याने अर्धीच. आल्याचा कीस. ओलं खोबरं मूठभर. माडावर चढवलेल्या वेलाची मिरी, दहा-बारा दाणे, ताजे कुटून. दही घातलं नाही. घाटावर दूधदुभतं आहे तिथे दही, आमच्याकडे नारळ, हा माझा जुना हट्ट आहे. मिरची नाही, दाण्याचं कूट नाही. साखरेऐवजी चिमूटभर गूळ. पानं वाढल्यावर शिरोड्याचं मीठ.

चव वेगळी लागते. मिरची जिभेच्या टोकाला धरते, मिरी घशात उतरल्यावर आठवण करून देते. कैरीचा आंबटपणा आणि मिरी यांचं फार छान जमतं, इतकं की मधे मिरची का आली असा प्रश्न पडावा. उत्तर सोपं आहे. मिरीचा वेल तीन-चार वर्षांनी धरतो, त्याला झाड लागतं, सावली लागते, आणि मिरी विकून पैसे येत असल्याने ती आपल्या ताटात घालणं गरिबाला परवडत नसे. जगभरची जहाजं ज्या वस्तूसाठी या किनाऱ्याला लागली, ती वस्तू पिकवणाऱ्यालाच जपून वापरावी लागे. मिरचीला उकिरड्याशेजारची हातभर जागा आणि तीन महिने पुरतात. तिखट खाण्याची चैन तिने सगळ्यांना दिली. तेव्हा तिला परकी म्हणून हिणवायचं मला काही कारण दिसत नाही. घरात बाकीच्यांनी शिस्तीत ती कोशिंबीर खाल्ली. धाकट्या मुलीने मात्र उठून एक हिरवी मिरसांग आणली आणि मीठ लावून बाजूला घेऊन बसली.

एक काकडी बियाण्यासाठी वेलावर ठेवली आहे. ती आता पिवळी होऊन तपकिरी पडायला लागली आहे. अजून पंधरा दिवसांनी काढायची, गर दोन दिवस पाण्यात ठेवायचा, बी धुवायचं, सावलीत वाळवून राखेत घालून ठेवायचं. ही आमच्या परड्यातली जुनी जात, आखूड, फिकट हिरवी, पोटावर पांढरट. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शीतल नावाची चांगली जात मिळते, तीही एका ओळीत लावतो, उत्पन्न तिचंच जास्त. पण ती ओळ आणि ही ओळ जवळजवळ ठेवली की मधमाश्या सरमिसळ करतात. म्हणून पुढच्या वर्षी जुनी जात बावीच्या पलीकडे, गोठ्यामागे लावणार. तिथे वानरांचा त्रास जास्त आहे. ज्या दोन घरांनी भाजी सोडली त्यांच्याकडे याच जातीचं बी होतं, आता नाही. त्यातल्या एका काकींनी परवा विचारलं, "बी हा रे तुझ्याकडे?" पाणी मचूळ असताना बी घेऊन काय करणार, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, पावसात लावून बघतंय, तेव्हा पाणी गोडा असता.